दोन नद्यांच्या बेचक्यात : असईची लढाई जेवणाच्या टेबलावर कशी मांडावी

दिवाळीत किल्ला केलेल्या कुणालाही छोट्या सैनिकांनी टेबलावर लढाई खेळण्याचा हा छंद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. माती भिजवायची, बुरूज उभे करायचे, अळीव पेरायचे, कुंभारवाड्यातून आणलेले मावळे मोक्याच्या जागी ठेवायचे, हे आपण लहानपणी केलेलंच असतं. फरक एवढाच की किल्ल्यावरचे मावळे चार दिवस उभे राहतात आणि इथले सैनिक चालतात. अंतर मोजून पुढे सरकतात, फाशांच्या दानावर मार खातात, कधी मागे हटतात. समोर दुसरा खेळाडू दुसरं सैन्य घेऊन बसलेला असतो. प्रशियाच्या सैन्यात अधिकाऱ्यांना शिकवण्यासाठी १८२४ साली राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, ठोकळे आणि फासे यांचा असा खेळ नियमबद्ध केला. रंगवलेल्या छोट्या सैनिकांचा टेबलावरचा आजचा खेळ त्याच कुळातला.

या लेखात मी एकच लढाई घेणार आहे : २३ सप्टेंबर १८०३, असई. आजच्या जालना जिल्ह्यातलं हे गाव. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजा, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीची फौज घेऊन आलेला, पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा आर्थर वेलस्ली.

नवीन माणूस या छंदात शिरतो तो बहुतेक वेळा सैनिक विकत घेऊन. मीही तसाच शिरलो. दोन वर्षं सुट्या सुट्या पलटणी रंगवत राहिलो आणि कपाटात चाळीस सुंदर शिपाई जमले. खेळ मात्र एकही झाला नाही, कारण त्यांना लढायला लढाईच नव्हती. म्हणून माझा आग्रह असा : आधी लढाई ठरवा, मग तिची जमीन मांडा आणि सैनिक सगळ्यात शेवटी आणा.

आधी लढाई समजून घ्या

टेबलावर मांडण्यासाठी असईइतकी सोयीची लढाई आपल्याकडे दुसरी क्वचितच सापडेल. पानिपतासारख्या लढाईचा पसारा एवढा मोठा की पहिल्याच खेळाला माणूस दमून जातो. असईची लढाई एका दुपारी, सुमारे तीन तासांत संपली आणि तिला दोन्ही बाजूंनी नद्यांचं कुंपण आहे. दक्षिणेला खेळणा, उत्तरेला जुई. इंग्रजी नोंदींत त्यांची नावं कैलना आणि जुआ अशी येतात. दोन्ही नद्या पूर्वेकडे वाहत जाऊन मिळतात, त्यामुळे मधली जमीन पूर्वेला निमुळती होते. असई गाव जुईच्या दक्षिण काठावर आहे.

शिंद्यांकडे युरोपीय पद्धतीने कवायत शिकलेल्या पायदळाचे तीन कंपू, म्हणजे अनेक पलटणींचे मोठे गट, होते. सर्वांत मोठा जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या पोलमनचा, आठ पलटणींचा. सरधन्याच्या बेगम समरूचा पाच पलटणींचा कंपू सालूरच्या हाताखाली होता आणि चार पलटणींचा तिसरा ड्यूपाँकडे. एकूण सुमारे १०,८०० कवायती पायदळ आणि शंभरावर तोफा. शिवाय १० ते २० हजार बिनकवायती प्यादे आणि ३० ते ४० हजार घोडदळ.

वेलस्लीकडे ४,५०० च्या आसपास कवायती फौज, १७ तोफा आणि म्हैसूर व पेशव्यांच्या बाजूचे मिळून ५,००० स्वार. २४ तारखेला कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीबरोबर मिळून हल्ला करायचा असा त्याचा बेत होता. पण शत्रू अपेक्षेपेक्षा जवळ सापडला आणि त्याने न थांबता एकट्यानेच लढायचं ठरवलं. समोरून खेळणा ओलांडणं म्हणजे तोफांच्या तोंडी जाणं. नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. वाटाडे म्हणाले, इथे उतार, म्हणजे पाण्यातून नदी ओलांडण्याजोगी जागा, नाही. वेलस्लीने अंदाज बांधला की इतकी जवळजवळ वसलेली गावं एकमेकांत जा-ये केल्याशिवाय राहणार नाहीत, म्हणजे उतार असणारच. तो होता. तिथून नदी ओलांडून तो शिंद्यांच्या फौजेच्या डाव्या बगलेवर आला.

ते पाहून पोलमनने दक्षिणेकडे तोंड करून उभी असलेली अख्खी रांग पूर्वेकडे वळवली. डावं टोक असईला, उजवं खेळणेला. चालू लढाईत हजारो माणसं आणि अवजड तोफा काटकोनात फिरवणं ही कवायतीची मोठी परीक्षा असते, आणि कंपू तिला उतरले. एवढ्या सफाईची वेलस्लीची अपेक्षा नव्हती. टेबलावरच्या शिंद्यांकडच्या खेळाडूने ही गोष्ट मनात ठेवावी. हातात नुसती गर्दी नाही, शिकलेली फौज आहे.

जमीन : कापड पसरण्याआधी मोजपट्टी घ्या

१ सेंटिमीटर म्हणजे २० मीटर हे प्रमाण धरा. १२० बाय ९० सेंटिमीटरचं जेवणाचं टेबल म्हणजे मग २.४ बाय १.८ किलोमीटरची जमीन. पूर्वेकडे तोंड केल्यावर मराठी रांगेने व्यापलेली दोन नद्यांमधली जागा साधारण एक मैल, म्हणजे ८० सेंटिमीटर. टेबलाच्या रुंदीत ती बरोबर बसते.

टेबलाची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. खेळणा दक्षिण कडेने, जुई उत्तर कडेने. पूर्वेच्या टोकाला दोन्ही थोड्या आत वळवा. असई गाव उत्तर बाजूला, मधोमध, जुईला लागून. पिंपळगाव-वरूडचा उतार पूर्वेच्या कडेपाशी.

जमिनीसाठी जुनी चादर चालते, पण रंग बघून घ्या. परदेशी रंगकामांत हिंदुस्थानातली लढाई म्हटली की जमीन पिवळी वाळवंटी दिसते. जालन्याकडची जमीन काळी आहे आणि सप्टेंबरअखेर पावसाळा सरत आलेला असतो. काळपट तपकिरी जमीन, तिच्यावर हिरव्या गवताचे पुंजके, मधूनमधून उभं पीक असं दिसलं पाहिजे. मी गादीपाटाचं जाड कापड पसरतो. फेविकॉलमध्ये थोडं पाणी, काळा-तपकिरी रंग आणि चाळलेली बारीक वाळू कालवून त्याचा पातळ थर ब्रशने फासतो आणि दोन दिवस उन्हात सुकवतो. गवतासाठी सुताराकडचा लाकडी भुसा चाळून हिरव्या रंगात भिजवायचा, वर्तमानपत्रावर वाळवायचा आणि जागोजाग चिकटवायचा. दोन हिरव्या छटा केल्या तर जमीन जिवंत दिसते.

नद्या निळ्या करू नका. पावसाळ्यानंतरचं पाणी गढूळच असतं. माउंटबोर्डच्या पाच-सहा सेंटिमीटर रुंद नागमोडी पट्ट्या कापा, कडांना वाळूमिश्रित फेविकॉलने काठ उंचवा, मधे मातकट रंग द्या आणि तो सुकल्यावर चकचकीत व्हार्निशचे दोन हात. प्रमाणाच्या हिशेबाने ही नदी फारच रुंद झाली, पण यापेक्षा बारीक पट्टी टेबलावर नदीसारखी वाटत नाही. एवढी तडजोड करावी. जुईचे काठ उंच आणि अवघड होते, म्हणून तिच्या कडा खेळणेपेक्षा जाड करा. शेवटी शिंद्यांचं पायदळ पाठीशी जुई घेऊन उभं राहिलं, तेव्हा त्या काठांचं मोल कळतं.

गावासाठी पुठ्ठ्याची धाब्याची आठ-दहा घरं आणि भोवती मातीची भिंत. कौलारू उतरती छपरं करू नका, मराठवाड्यातलं जुनं घर माळवदाचं.

जमेल तर एकदा असईला जाऊन या. तिथे जाण्याआधी मी जमीन सपाट मांडत होतो. नदीकाठी उभं राहिलो तेव्हा ओघळी आणि काठाची उंची पाहून टेबल पुन्हा केलं.

किती सैनिक लागतील

बाजारात २८ मिलिमीटर, १५ मिलिमीटर, १० आणि ६ मिलिमीटर उंचीचे सैनिक मिळतात. मऊ प्लास्टिकचे बहात्तराव्या हिश्श्याचे सैनिकही असतात, सुमारे दोन-सव्वादोन सेंटिमीटर उंच. या टेबलाला १५ मिलिमीटर योग्य. चेहरा रंगवण्याइतका सैनिक मोठा असतो आणि पलटण पलटणीसारखी दिसण्याइतका लहान. परदेशातून धातूचे सैनिक मागवले तर टपाल आणि आयात शुल्क धरून खर्च बराच वाढतो, तेव्हा मागवण्याआधी पूर्ण हिशेब करा. हल्ली शहरांत थ्रीडी प्रिंटिंग करून देणारे सापडतात, रेझिनचे सैनिक त्यांच्याकडून छापून घेता येतात. आणि पहिला खेळ कागदी सैनिकांवर करायला काहीच हरकत नाही. जाड कागदावर रांग काढायची, रंगवायची, कापून पुठ्ठ्यावर उभी करायची. रणनीतीला त्याने काडीचा फरक पडत नाही.

सैनिक सुटे ठेवायचे नाहीत. ४ सेंटिमीटर रुंद, ३ सेंटिमीटर खोल अशा एमडीएफच्या तुकड्यावर सहा शिपाई चिकटवायचे. याला मी पाट म्हणतो. घोडेस्वारांच्या पाटावर तीन स्वार आणि तोफेच्या पाटावर एक तोफ, तीन गोलंदाज. हे दोन्ही रुंदीला तेवढेच, फक्त जास्त खोल.

आता जमिनीशी ताळा करू. दोन रांगांत उभी असलेली सहाशे शिपायांची पलटण साधारण १६० मीटर पसरते, म्हणजे टेबलावर ८ सेंटिमीटर. कंपनी सरकारच्या पलटणीला म्हणून दोन पाट शेजारी-शेजारी. हाच हिशेब शिंद्यांच्या १७ पलटणींना लावला तर १३६ सेंटिमीटर होतात आणि जागा आहे ८०. म्हणून त्यांचे दोन पाट एकामागे एक ठेवा : १७ गुणिले ४, म्हणजे ६८ सेंटिमीटर. तोफा रांगेच्या पुढे. अशी दाट रांग मांडली की दिसतं, एका वेळी गोळी झाडू शकणारे पाट त्यांच्याकडे १७ आणि समोर १३. संख्येतला दुपटीहून मोठा फरक नद्यांनी गिळला. वेलस्ली त्या बेचक्यात का शिरला, याचं निम्मं उत्तर मोजपट्टीनेच दिलं.

कंपनी सरकारची बाजू : ७४ वी आणि ७८ वी हायलँडर (स्कॉटिश) पलटण, मद्रासी शिपायांच्या चार पलटणी, प्रत्येकी दोन पाट, लेफ्टनंट कर्नल ऑरॉकच्या हाताखालच्या टेहळणी तुकडीचा एक पाट. घोडदळाच्या चार रेजिमेंट (१९ वी लाइट ड्रॅगून आणि मद्रासच्या ४, ५, ७), प्रत्येकी दोन पाट. तोफेचे दोन पाट. म्हैसूरचे आणि पेशव्यांच्या बाजूचे स्वार खेळणेपलीकडे थांबले होते, त्यांना मांडण्याची गरज नाही.

शिंदे-भोसल्यांची बाजू : कवायती पायदळाचे ३४ पाट, असई गावात बिनकवायती प्याद्यांचे ४, घोडदळाचे १०, तोफांचे १२. तोफेचा एक पाट म्हणजे अंदाजे आठ खऱ्या तोफा. यांतले तीन पाट गावाच्या आसपास ठेवा.

सगळे मिळून ३०६ पायदळ, ५४ स्वार आणि ४२ गोलंदाज, म्हणजे ४०२ आकृत्या. एकीला दहा मिनिटं धरली तर ६७ तास. रविवारचे तीन-तीन तास दिले तर साधारण पाच महिने. हा आकडा आधी सांगतो, कारण तो माहीत नसला की माणूस दुसऱ्या महिन्यात हात टेकतो. घाई असेल तर पाटावर सहाऐवजी चार शिपाई चिकटवा.

रंगकाम

सैनिक कोमट पाण्यात थोडा साबण घालून जुन्या टूथब्रशने धुवा. साच्यातला तेलकटपणा राहिला तर रंग पापुद्र्यासारखा निघतो. मग आइसक्रीमच्या काडीवर पाच-पाच सैनिक फेविकॉलच्या थेंबाने चिकटवा. असे वीस एकदम हातात घ्या आणि सगळ्यांना एकच रंग देऊन मगच दुसरा उघडा. एकेक सैनिक पूर्ण करत बसलात तर ४०२ कधीच होणार नाहीत.

प्राइमर राखाडी किंवा तपकिरी घ्या. स्प्रे मारायचा असेल तर पावसाळ्यात मारू नका. दमट हवेत मॅट व्हार्निशवर पांढुरकी बुरशीसारखी साय धरते. एका जुलैत माझी पूर्ण रंगवलेली पलटण अशी गेली आणि पुन्हा पहिल्यापासून रंगवावी लागली. जून ते सप्टेंबर प्राइमर आणि व्हार्निश दोन्ही ब्रशनेच द्या.

रंग साधे अॅक्रिलिक पुरतात. ट्यूबमधला रंग जाड असतो, पाणी घालून दुधासारखा करा आणि दोन पातळ हात द्या. ब्रश तीन : २ नंबर, ० नंबर, आणि एक जुना झालेला, कोरडा रंग घासायला.

कंपनीच्या शिपायांचा कोट लाल. आधी विटकरी तपकिरी द्या, वर लाल. नुसता लाल फिकट आणि खेळण्यातला दिसतो. मद्रासी शिपाई गुडघ्यापर्यंत लांब विजार घालत नसत. पांढरी आखूड चड्डी, पाय उघडे, पायांत चपला, डोक्याला निळं पागोटं असा त्यांचा वेश. चड्डीला एकदम पांढरा लावू नका. फिका राखाडी देऊन उंचवट्यांवरच पांढरा. हायलँडरांच्या कोटाची कॉलर आणि बाह्यांची दुमड ७४ व्या पलटणीची पांढरी, ७८ वीची बदामी. एवढ्याच खुणेवर टेबलावर त्या ओळखता येतात.

त्वचेचा रंग तयार बाटलीतून घेऊ नका. बर्न्ट सिएनात थोडा तपकिरी मिसळून पहिला हात, नाक, गाल आणि पोटऱ्यांवर पिवळसर मातीचा हलका दुसरा. सगळ्या पलटणीला एकच छटा देऊ नका, दर पाच माणसांमागे मिश्रण थोडं बदला. आपल्या माणसांच्या रांगेकडे पाहा, किती छटा असतात.

शिंद्यांच्या कवायती पलटणीही युरोपीय धर्तीच्या कोटात असल्यामुळे तीन फुटांवरून दोन्ही फौजा सारख्या दिसण्याचा धोका असतो. मी कंपूगणिक पागोट्याचा रंग बदलतो आणि पाटाच्या मागच्या कडेला त्याच रंगाची बारीक रेघ ओढतो. ही माझी सोय आहे, गणवेशाचा पुरावा नाही.

गोलंदाजांवर मात्र वेळ घाला. या लढाईत त्यांच्याइतकं चिवटपणे कुणी लढलं नाही. इंग्रजांची रांग अंगावरून गेली तेव्हा काही गोलंदाज तोफेखाली मेल्यासारखे पडून राहिले आणि ती पुढे सरकताच उठून त्याच तोफा तिच्या पाठीवर फिरवल्या. माझ्या संग्रहात सगळ्यात जास्त तास घेतलेले चेहरे त्यांचे आहेत.

शेवटी गडद तपकिरी रंगात भरपूर पाणी घालून सगळ्या सैनिकावरून एक हात द्या. तो खाचांमध्ये बसतो आणि घड्या आपोआप उठून दिसतात. सुकला की मॅट व्हार्निश.

नियम

बाजारात तयार नियमावल्या पुष्कळ आहेत. पण पहिल्या खेळासाठी घरच्यांना पाच मिनिटांत समजतील असे माझे नियम देतो. लुडोचे फासे आठ-दहा, एक मोजपट्टी आणि कागद-पेन्सिल एवढंच लागतं.

एक डाव म्हणजे पंधरा मिनिटं. एकूण १२ डाव, दुपारी तीन ते सहा. प्रत्येक डावात आधी कंपनीची बाजू हुकूम देऊन हलते, मग शिंद्यांची. नंतर दोन्हीकडचा मारा एकाच वेळी, शेवटी भिडंत.

*हुकूम.* प्रत्येक कंपू किंवा तुकडीसाठी एक फासा. कंपनीची तुकडी २ किंवा वर पडलं तर हलते, शिंद्यांचे कंपू ३ किंवा वर. वेलस्लीची खूण म्हणून ठेवलेली सोंगटी १० सेंटिमीटरच्या आत असेल तर फाशात १ मिळवा. मराठी घोडदळ फक्त ६ पडल्यावर हलतं. हा आकडा कठोर वाटेल, पण त्या दिवशी एवढं प्रचंड घोडदळ निर्णायकपणे उतरलंच नाही.

*चाल.* पायदळ १५ सेंटिमीटर, घोडदळ ३०, कंपनीच्या तोफा १०, शिंद्यांच्या अवजड तोफा ५. तोंड फिरवायला अर्धी चाल खर्ची पडते.

*मारा.* बंदुका ५ सेंटिमीटरपर्यंत : पुढच्या प्रत्येक पाटाला एक फासा, ५ किंवा ६ लागू. तोफेचा गोळा ४० सेंटिमीटरपर्यंत : एक फासा, ६ लागू. १५ सेंटिमीटरच्या आत तोफ छर्रे झाडते : दोन फासे, ५ किंवा ६ लागू.

*दम.* प्रत्येक पलटणीला दम असतो. हायलँडर ६, मद्रासी शिपाई ५, कंपूची पलटण ४, रेजिमेंटचं घोडदळ ४, बिनकवायती प्यादे, मराठी स्वार आणि टेहळणी तुकडी ३. गावातले प्यादे आणि मराठी स्वार पाटागणिक मोजा. लागू झालेल्या प्रत्येक फाशाला एक दम कमी. ज्या पलटणीने त्या डावात दम गमावला तिने एक फासा टाकायचा. उरलेल्या दमापेक्षा जास्त पडलं तर १५ सेंटिमीटर माघार. दम शून्य झाला की पलटण उचला.

*भिडंत.* दोन्ही बाजू फासा टाकतात आणि आपला उरलेला दम त्यात मिळवतात. बगलेवर आलेल्याला २ जास्त. हरलेल्याचे दोन दम जातात आणि तो मागे हटतो, जिंकलेल्याचा एक जातो. तोफेला शत्रूचा पाट भिडला की तोफ पडली.

आता या लढाईचे तीन खास नियम. यांच्याशिवाय ती असई होत नाही.

पहिला, पडलेली तोफ काढून टाकायची नाही, आडवी करून ठेवायची. पुढच्या डावाच्या शेवटी १० सेंटिमीटरच्या आत शत्रूची कुठलीही तुकडी नसेल तर फासा टाका. ४ किंवा वर पडलं तर गोलंदाज उठले. तोफ हव्या त्या दिशेला तोंड करून पुन्हा उभी. इथे वेलस्लीच्या खेळाडूपुढे खरी अडचण उभी राहते. विजयी पलटण पुढे न्यायची की तोफांपाशी थांबवायची? पाचच पलटणी उरल्या असतात आणि दोन्हीकडे माणसं हवी असतात.

दुसरा नियम ऑरॉकचा. त्याने उजवीकडे जास्त सरकून असई गावाच्या तोफांसमोर आपली तुकडी नेली, मागोमाग ७४ वी पलटण गेली आणि तिची दैना झाली. म्हणून पहिल्या दोन डावांत टेहळणी तुकडीसाठी फासा टाका. १ ते ३ पडलं तर ती सरळ असईकडे चालते आणि ७४ वी तिच्या मागे.

तिसरा, शिंद्यांची रांग सुरुवातीला दक्षिणेकडे तोंड करूनच मांडायची. पहिल्या डावात प्रत्येक कंपूला वळण्यासाठी हुकमाचा फासा जिंकावा लागतो. फासा लागला तर चालीची मोजणी नाही, पूर्ण कंपू एका डावात पूर्वेकडे वळून नव्या रांगेत उभा.

*निकाल.* कंपनीच्या बाजूने बाराव्या डावापर्यंत १२ पैकी ८ तोफा पाडून ताब्यात ठेवायच्या आणि सहा पलटणींपैकी तीनपेक्षा जास्त गमवायच्या नाहीत. दोन्ही जमलं तर ती जिंकली, नाहीतर शिंदे. खऱ्या लढाईत ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या, पण त्यांचे ४२८ मेले, १,१३८ जखमी झाले, १८ बेपत्ता. एवढ्याशा फौजेला हे फार जबर होतं, म्हणून विजयाची किंमत नियमात ठेवली आहे.

पहिला खेळ कसा जाईल

तीन माणसं जमवा, दोन खेळाडू आणि एक पंच. मोजमापाचा वाद झाला तर पंचाचा शब्द शेवटचा. वेलस्लीचं पायदळ पूर्वेच्या कडेला, उताराच्या पुढे, दोन रांगांत. डावीकडे खेळणेला लागून ७८ वी, उजवीकडे ऑरॉक, दुसऱ्या रांगेत उजव्या टोकाला ७४ वी. घोडदळ तिसऱ्या रांगेत. शिंद्यांचं पायदळ टेबलाच्या मध्यापासून पश्चिमेला, घोडदळ त्याच्याही पलीकडे.

वेलस्ली खेळणाऱ्याला सुरुवातीचे तीन डाव जड जातील. काही करता येत नाही, फक्त गोळे खात चालायचं. खऱ्या लढाईत याच टप्प्यात त्याच्या तोफा निकामी झाल्या. घोडदळ लवकर सोडण्याचा मोह होतो, आवरा. कर्नल मॅक्सवेलच्या घोडदळाने ७४ व्या पलटणीला वाचवलं ते ती मोडायला आली तेव्हाच्या धडकेने. शेवटच्या टप्प्यात मॅक्सवेल स्वतः पडला, म्हणजे दुसऱ्या धडकेसाठी काही शिल्लक ठेवणं किती अवघड होतं ते दिसतं.

शिंद्यांकडून खेळताना मला एक गोष्ट चार-पाच खेळांनंतर उमगली. रांग दमाला कमी आहे, म्हणून ती समोरासमोर भिडवू नये. तोफांच्या मागे पंधरा सेंटिमीटर अंतर ठेवून पायदळ उभं करा. शत्रू तोफांपर्यंत येईल, तोफा पाडेल, तेव्हा तो विस्कटलेला असेल. तेव्हा त्याच्यावर चाल करा आणि पाठीमागे गोलंदाज उठू द्या. दक्षिणेच्या टोकाला ७८ वीसमोर सगळ्यात बळकट पलटणी ठेवा, कारण खरी रांग तिथूनच उलगडत गेली.

एकट्याने खेळायचं असेल तरीही हे नियम चालतात, हुकमाचा फासा दुसऱ्या खेळाडूची जागा बरीचशी भरून काढतो. घरातली दहा-बारा वर्षांची मुलं गोलंदाजांच्या नियमावर खूष होतात. त्यांना शिंद्यांची बाजू द्या.

प्रत्येक डावानंतर वरून एक फोटो काढून ठेवा. बारा फोटो ओळीने पाहिले की कुठल्या डावात रांग तुटली ते नेमकं कळतं, आणि पुढच्या वेळी एकच गोष्ट बदलून पाहता येते. मराठी घोडदळाचा ६ हा आकडा ५ करून बघा, तेवढ्या एका बदलाने ७४ वी पलटण तिसऱ्या-चौथ्या डावात उघड्यावर सापडते आणि सगळी दुपार पालटते. मी आता तो खेळ मांडतो आहे. या वेळी स्वारांचे पाट दहाऐवजी सोळा केले आहेत, त्यातले सहा अजून रंगवायचे आहेत.